रानवाटा, फोर-बाय-फोर आणि पॉलिसीचे दुसरे पान

स्मरणिकेसाठी दरवर्षी माझ्याकडून लसीकरण, ताप अथवा बालपोषण यांवरील लेखाची अपेक्षा असते. यंदा मी संपादक मंडळाकडून मुद्दाम वेगळा विषय मागून घेतला. गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांपैकी अनेकांनी फोर-बाय-फोर, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पुरविणाऱ्या, गाड्या घेतल्या आहेत. शनिवारी ओपीडी आटोपली की तंबू, शेगडी आणि मुलेबाळे गाडीत घालून अनंतगिरी, कोटपल्ली किंवा नल्लमलाच्या दिशेने निघण्याची प्रथाच पडली आहे. कोजागरीच्या कार्यक्रमात टायर आणि विंच यांवर तासभर चर्चा रंगते. विम्याचा विषय मात्र निघत नाही. तो एजंटाने करून दिलेला असतो आणि त्याचे कागद डॅशबोर्डच्या खणात पडून असतात.

माझेही तसेच होते. त्याची किंमत मोजल्यानंतर जे शिकलो, ते सहकाऱ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी विमातज्ज्ञ नाही, मोटार-अभियंताही नाही. रुग्णाच्या नातेवाइकांना संमतिपत्र वाचून दाखविणारा, परंतु स्वतःची पॉलिसी न वाचणारा एक बालरोगतज्ज्ञ आहे.

ओढ्यातील ती पाच मिनिटे

सप्टेंबर २०२२ मधील रविवार होता. विकाराबादजवळ एक रात्र मुक्काम करून आम्ही तांडूरच्या बाजूला आडवाटेने निघालो होतो. गाडीत मी, सौ., आमचे भूलतज्ज्ञ स्नेही, त्यांच्या पत्नी आणि त्यांची सहा व नऊ वर्षांची दोन मुले. त्या भागातील ओढे पुढे कागणा नदीला मिळतात. इकडे ओढ्याला ‘वागू’ म्हणतात. आदल्या रात्री वर कोठेतरी पाऊस झाला होता आणि वाटेतील वागूला गढूळ पाणी आले होते. एक मोटारसायकल पलीकडून आली, तिची निम्मी चाके बुडाली. मी म्हणालो, ‘‘एवढ्यासाठीच तर ही गाडी घेतली आहे.’’

मधोमध तळाची फरशी संपली आणि पुढचे चाक खड्ड्यात गेले. पाणी बॉनेटवर आले आणि इंजिन बंद पडले. काठावरचा शेतकरी तेलुगू-हिंदी मिश्र बोलीत ओरडून सांगत होता की गाडी चालू करू नका. मी किल्ली फिरविली. एकदा, आणि मग पुन्हा एकदा. आतून लोखंडावर घण बसल्यासारखा आवाज आला. त्यानंतर काहीच हालले नाही.

गावातील चार तरुणांनी दोन्ही मुलांना खांद्यांवर बसवून काठाला नेले. ट्रॅक्टर येऊन गाडी ओढून काढीपर्यंत दीड तास गेला. कोणालाही इजा झाली नाही. धाकटा तर आनंदात होता आणि ‘‘काका, परत जायचं का?’’ असे विचारत होता. त्याच्या आईच्या चेहऱ्याकडे मात्र मला पाहवेना.

गॅरेजमध्ये इंजिन उघडल्यावर मिस्त्री म्हणाला, ‘‘डॉक्टरसाब, इंजन पानी पी गया.’’ कनेक्टिंग रॉड वाकले होते. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास आला. विमा कंपनीने ओल्या झालेल्या गालिचांचे आणि काही विद्युत भागांचे पैसे दिले, इंजिनाचा दावा मात्र नाकारला. मला संताप आला. कंपनीच्या अधिकाऱ्याने शांतपणे पॉलिसीचे दुसरे पान उलटून दाखविले. तेथे सर्व छापलेले होते. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घ्यावयाचे का, असे मला विचारण्यात आले होते आणि हप्त्यात थोडी बचत व्हावी म्हणून मीच ‘नको’ म्हटले होते.

इंजिन पाणी पिते म्हणजे काय होते

हा भाग आपल्याला कळावयास सोपा आहे, कारण तो श्वसनसंस्थेचाच आहे. इंजिनात हवा घेतली जाते, दट्ट्या ती दाबतो, मग ज्वलन होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. हवा घेणाऱ्या नळीचे तोंड पाण्याखाली गेले की सिलिंडरमध्ये हवेऐवजी पाणी ओढले जाते. दट्ट्या वर येताना त्या पाण्यावर आदळतो आणि त्याला जोडलेला दांडा वाकतो. यास हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. मुलाच्या श्वासनलिकेत पाणी जावे, तसाच हा प्रकार.

पुष्कळदा पाण्यात इंजिन केवळ गुदमरून बंद पडते आणि त्या क्षणी नुकसान अल्प असते. खरा घात होतो तो पुन्हा स्टार्टर मारल्याने. प्रमाणित पॉलिसी अपघाताने झालेली थेट हानी भरून देते. त्यातून उद्भवलेली पुढची हानी आणि यांत्रिक बिघाड ती वगळते. पाण्यात गाडी सापडणे हा अपघात मानला जातो, परंतु किल्ली फिरविल्यानंतर वाकलेला दांडा ही पुढची हानी, असे कंपन्यांचे म्हणणे असते.

यासाठी रानात जाण्याचीही आवश्यकता नाही. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री आपल्या शहरावर जो पाऊस कोसळला, तो कोणी विसरणार नाही. घटकेसर भागात चोवीस तासांत ३० सेंटिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. वसत्यांमधील गाड्या होडीसारख्या वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का पाहू’ म्हणून किल्ली फिरविण्याचा मोह अनेकांना झाला असेल. तो आवरणे, गाडी ढकलून बाहेर काढणे आणि ओढून गॅरेजला नेणे हाच त्यावरचा प्रथमोपचार.

गाडी घेण्यापूर्वी: निदान आधी, उपचार नंतर

पहिला प्रश्न असा की ही गाडी आपल्याला खरोखर हवी आहे का? हैदराबादच्या परिसरातील बहुतेक मुक्कामाच्या जागी कोरड्या ऋतूत साधी, किंचित उंच मोटारही सुखाने जाते. चार चाकांची ताकद कामी येते ती चिखलात, सैल वाळूत, खडकाळ चढावर आणि ओल्या गवताच्या उतारावर. वर्षातून दोनदाच असा प्रसंग येणार असेल, तर मित्राच्या गाडीत बसून जाणे स्वस्त पडते. भाड्याने स्वतः चालविण्यास मिळणाऱ्या गाड्यांच्या करारात रस्ता सोडून जाण्यास बहुधा मनाई असते, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे या गाड्यांची परंपरा जुनी आहे. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडण्यास आरंभ केला. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. आजच्या पिढीत नाशिकला तयार होणारी महिंद्रा थार (२०१० मध्ये पहिली, २०२० मध्ये नवी आणि २०२४ मध्ये पाच दारांची रॉक्स), पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा आणि २०२३ मध्ये आलेली मारुतीची पाच दारांची जिमनी ही नावे वारंवार ऐकू येतात. येथे एक सावधगिरी सांगतो. जानेवारी २०२३ पासून थार केवळ मागील दोन चाकांना ताकद देणाऱ्या रूपातही मिळू लागली आणि रॉक्सही दोन्ही रूपांत आली. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. रूपावर जाऊन नोंदणी करू नये, गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा दांडा आहे का, ते पाहावे.

तो दुसरा दांडा म्हणजे ट्रान्सफर केसचा. त्यात साधारणपणे तीन स्थिती असतात. ‘टू-हाय’ नेहमीच्या रस्त्यासाठी, ‘फोर-हाय’ घसरणाऱ्या वाटेसाठी आणि ‘फोर-लो’ अतिशय संथ, परंतु जोरकस चालीसाठी. कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘फोर-हाय’ वापरू नये. वळणावर पुढची व मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि हा फरक सोसण्याची सोय नसल्याने दातेचक्रांवर ताण येतो.

दुसरी समजून घेण्याजोगी बाब डिफरन्शियलची. साध्या डिफरन्शियलमध्ये ज्या चाकाला विरोध कमी, त्याकडे ताकद वाहत जाते. म्हणजे हवेत लोंबकळणारे चाक गरगर फिरते आणि जमिनीवरचे स्वस्थ बसते. यावर उपाय म्हणून डिफरन्शियल लॉक असतो. गुरखाच्या २०२१ च्या आवृत्तीत तो पुढे व मागे दोन्हीकडे दिलेला आहे.

आकड्यांपैकी तीन पाहावेत: जमिनीपासूनची उंची, चढावर जाताना बंपर न घासण्याचा कोन आणि पाण्यातून जाण्याची मर्यादा. २०२० च्या थारसाठी कंपनीने हे आकडे अनुक्रमे २२६ मिलिमीटर, ४१.८ अंश आणि ६५० मिलिमीटर असे दिले. जिमनीची उंची २१० मिलिमीटर आहे. पाण्याची मर्यादा ही संथ पाण्यात, सपाट तळावर, हळू चालविताना लागू पडते. वाहत्या गढूळ पाण्याचा तळ कोणालाच दिसत नाही. शिवाय गाडीची मर्यादा म्हणजे विमा कंपनीची हमी नव्हे.

आपल्या मुलखाची माती हाही विचाराचा विषय आहे. तांडूर, जहीराबाद, बिदर या बाजूला काळी कापसाची माती आहे. उन्हाळ्यात ती दगडासारखी असते, पण पाऊस पडला की टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग चारही चाके गुळगुळीत लाटण्यासारखी फिरतात. जलाशयांच्या काठचा गाळ वरून वाळलेला व आतून मऊ असतो. अशा ठिकाणी गाडीपेक्षा चालकाचा नकार अधिक उपयोगी पडतो.

मागच्या आसनावर कोण बसणार

बालरोगतज्ज्ञ म्हणून हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या जीपगाड्यांत मागे एकमेकांकडे तोंड करून बसावयाची बाके असत. मुलांना ती फार आवडतात. परंतु धडक बसली की आडव्या बसलेल्या मुलाच्या मानेला व डोक्याला कोणताच आधार नसतो आणि पट्टाही बहुधा नसतो. म्हणून मागील आसने पुढे तोंड करून बसण्याचीच हवीत, प्रत्येक आसनाला पट्टा हवा आणि लहान मुलांचे आसन घट्ट बसविण्यासाठी आयसोफिक्सचे हुक हवेत. नव्या थारला ग्लोबल एनकॅपच्या २०२० मधील चाचणीत प्रौढ व बाल या दोन्ही गटांत चार तारे मिळाले, तर रॉक्सला भारत एनकॅपने २०२४ मध्ये पाच तारे दिले. घेण्यापूर्वी त्या त्या गाडीचा निकाल अवश्य पाहावा.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलास पट्टा किंवा बाल-आसन न लावता गाडी चालविल्यास एक हजार रुपये दंड आहे. आपण पालकांना हे सांगतो. रस्ता सोडून गाडी हळू चालते, तेव्हा पट्टा नको, असा समज असतो. प्रत्यक्षात उलटण्याचा धोका तेथेच अधिक. तान्ह्या मुलाचे मागे तोंड केलेले आसन, समोर एअरबॅग चालू असलेल्या पुढील सीटवर कधीही ठेवू नये.

खर्चाचा हिशोब

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील जीएसटी बदलला. चार मीटरपर्यंत लांबी आणि पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत इंजिन असेल तर १८ टक्के, अन्यथा ४० टक्के. त्यामुळे चार मीटरहून लहान असूनही १४६२ सीसीची पेट्रोल जिमनी वरच्या गटात पडते. तेलंगणात जीवनकर गाडीच्या किमतीनुसार वाढतो आणि एकाच व्यक्तीच्या नावावर दुसरी मोटार घेतल्यास तो आणखी वाढतो. दवाखान्याची एक गाडी आधीच असणाऱ्या आपल्यासारख्यांनी कोणाच्या नावावर नोंदणी करावयाची, याचा विचार आधी करावा. त्याचा विम्याशीही संबंध आहे, तो पुढे येईल.

विम्याचे तीन मजले

पहिला मजला थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई त्यातून होते आणि १९८८ च्या कायद्याने तो बंधनकारक आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. जून २०२२ पासून अमलात आलेल्या दरांनुसार १५०० सीसीवरील खासगी मोटारीस वर्षाला ७,८९७ रुपये आणि १००० ते १५०० सीसीस ३,४१६ रुपये पडले. गाडी घेताना चालू दर विचारून घ्यावेत.

दुसरा मजला आपल्या गाडीच्या नुकसानीचा. थर्ड पार्टीसह तो घेतला की त्यास पॅकेज पॉलिसी म्हणतात. यात घसारा हा कळीचा शब्द आहे. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के घसारा कापला जातो, काचेवर कापला जात नाही आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कापला जातो. खडकावर आपटून वीस हजारांचा प्लॅस्टिक बंपर फुटला, तर दहा हजार घसाऱ्यात जातात आणि १५०० सीसीवरील गाडीस सक्तीची वजावट म्हणून आणखी दोन हजार जातात. हाती येतात आठ हजार. शिवाय नो क्लेम बोनस शून्यावर येतो. तो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढतो. म्हणून लहानसहान ओरखड्यांचे दावे करू नयेत.

गाडी चोरीस गेली किंवा पूर्णतः निकामी झाली तर ‘आयडीव्ही’ एवढी रक्कम मिळते. शोरूमची किंमत पंधरा लाख असेल, तर तिसऱ्या वर्षी ३० टक्के घसाऱ्याने ती साडेदहा लाख होते, पाचव्या वर्षी निम्मी. हप्ता कमी करण्यासाठी आयडीव्ही उतरवून घेणे ही खोटी काटकसर.

तिसरा मजला माणसांचा. मालक-चालकाचा अपघात विमा २०१८ पासून पंधरा लाखांचा आहे. परंतु तो नोंदणीकृत मालक स्वतः, वैध परवान्यानिशी असताना लागू होतो. गाडी वडिलांच्या नावे आणि चालविणारा मुलगा, अशी स्थिती आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. त्या मुलास या कलमाचा लाभ नाही. त्याच्यासाठी आणि गाडीतील इतर प्रवाशांसाठी वेगळे कलम घ्यावे लागते.

याच मजल्यावर मला माझी दुसरी चूक सापडली. इंजिनाच्या दाव्यासाठी कागद चाळताना जुनी फाइल हाती आली. या गाडीपूर्वी चार वर्षे माझ्याकडे सेकंडहँड जीप होती. ‘जुन्या गाडीला कशाला महागडा विमा’ म्हणून तिला मी केवळ थर्ड पार्टी, म्हणजे ‘ॲक्ट पॉलिसी’ घेतली होती. अशा पॉलिसीत खासगी मोटारीत बसलेल्या पाहुण्यांची जबाबदारी येत नाही, ती पॅकेज पॉलिसीतच येते. विमा नियामकाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने ही बाब स्पष्ट केली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बालकृष्णन या खटल्यात हाच भेद मान्य केला. म्हणजे त्याच स्नेह्यांची तीच दोन मुले चार वर्षे माझ्या जीपमध्ये आडव्या बाकांवर, पट्ट्याविना बसून डोंगर चढली, आणि काही झाले असते तर त्यांच्यासाठी माझ्या विम्यात एक रुपयाही नव्हता. दवाखान्यात मी त्यांच्याच आईवडिलांना बाल-आसनाविषयी सांगत होतो. इंजिनाचे साडेतीन लाख मी विसरलो आहे, ही फाइल विसरलेलो नाही. स्नेह्यांना मी ते सांगितले. ते म्हणाले, ‘‘अरे, मीही कुठे विचारलं होतं?’’ मला त्याने बरे वाटले नाही.

जादा कलमे, अपवाद आणि बदल

रानवाटांवर जाणाऱ्याने पुढील जादा कलमांचा विचार करावा. इंजिन संरक्षण अग्रक्रमाने घ्यावे. ते बहुधा ठरावीक वयापर्यंतच्या गाडीस मिळते आणि त्यातही पाण्यात पुन्हा स्टार्टर मारल्यास दावा अडू शकतो. घसारा न कापण्याचे ‘झिरो डेप’, पूर्ण किंमत देणारे ‘रिटर्न टु इन्व्हॉइस’ आणि रस्त्यावरील मदत ही पुढची तीन. मदतीच्या कलमात डांबरी रस्त्यापासून किती अंतरापर्यंत गाडी ओढून देतात, ते लेखी विचारावे. प्रमाणित पॉलिसीत अपघातग्रस्त गाडी ओढून नेण्यासाठी खासगी मोटारीस कमाल १,५०० रुपये धरलेले असतात. आमच्या ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेतले नाहीत, परंतु तांडूरहून हैदराबादपर्यंतच्या टोइंगला याच्या कितीतरी पट पडले. तंबू, कॅमेरा, लॅपटॉप हे सामान मोटार विम्यात येत नाही.

पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ म्हणून एक परिच्छेद असतो. भाड्याने देणे, शर्यत, वेग-चाचणी, टिकाऊपणाची स्पर्धा यांसाठी वापर केल्यास संरक्षण नाही. गोव्यात २०१४ पासून भरू लागलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत कोणास उतरावयाचे असेल, तर आपला नेहमीचा विमा तेथे चालणार नाही असे समजूनच उतरावे. सहलीत इतरांकडून पैसे घेऊन त्यांना गाडीत नेणे हेही ‘भाडे’ ठरू शकते. डिझेलचा खर्च वाटून घेणाऱ्या मंडळींनी याची चौकशी करून ठेवावी. मद्यपान करून चालविणे हा अपवाद तर सर्वांना ठाऊक आहेच. मुक्कामाच्या जागी ‘दोनशे मीटर गाडी हलवायची’ असली तरी तो लागू होतो.

गाडीत बदल करण्याचा मोह या छंदात अनावर असतो. कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत फरक करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याचा कठोर अर्थ लावला. लोखंडी बुल-बारवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास सांगितले होते. पादचारी मुलाच्या दृष्टीने तो बार किती घातक, हे आपणास सांगणे नको. जे साहित्य कायदेशीर आहे, त्याची किंमत पॉलिसीत लिहून घ्यावी. न कळविलेले साहित्य विम्याच्या लेखी अस्तित्वातच नसते.

जंगल आणि परवानगी

वाट दिसली म्हणून ती आपली होत नाही. अमराबाद व्याघ्र प्रकल्पासारख्या संरक्षित क्षेत्रात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे आणि त्यात गाडी जप्त होऊ शकते. जप्ती हा विम्याचा विषयच नाही. मन्ननूरला वनखात्याची रीतसर सफर मिळते, ती घ्यावी. जलाशयाच्या पात्रात पावसाळ्यात तंबू ठोकू नये.

निघण्यापूर्वी

एकट्या गाडीने जाऊ नये, किमान दोन गाड्या असाव्यात. ओढण्याचा पट्टा, फावडे, टायरमध्ये हवा भरण्याचा पंप आणि प्रथमोपचाराची पेटी सोबत हवी. पाणी दिसल्यास कोणीतरी चालत जाऊन तळ पाहावा. वाहत्या पाण्यात चालणेच धोक्याचे वाटले, तर गाडीही नेऊ नये. १०८ ची रुग्णवाहिका सेवा २००५ मध्ये याच शहरातून सुरू झाली याचा आपल्याला अभिमान आहे, परंतु जेथे मोबाइलला रेंज नाही, तेथे तीही येत नाही. म्हणून सर्पविषावरील लस असलेले जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

अपघात झालाच, तर क्रम असा ठेवावा. आधी माणसे बाहेर काढावीत. इंजिन पुन्हा सुरू करू नये, शक्य असल्यास बॅटरीची तार काढावी. छायाचित्रे घेऊन कंपनीला त्याच दिवशी कळवावे आणि सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय इंजिन उघडू देऊ नये. दावा नाकारला तर कारण लेखी मागावे. कंपनीच्या तक्रार विभागाकडून समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यांचे एक कार्यालय हैदराबादेत आहे आणि विमा नियामकाचे मुख्यालयही आपल्याच शहरात आहे. मी मात्र तक्रार केली नाही. कंपनीचे चुकलेच नव्हते.

आता आमच्या गाडीला पॅकेज पॉलिसी, इंजिन संरक्षण आणि प्रवाशांचे कलम आहे. मागे दोन बाल-आसने बसविलेली आहेत. गेल्या पावसाळ्यात त्याच वाटेने गेलो होतो. वागूला पुन्हा तसेच पाणी होते. आम्ही काठावर चहा केला, तासभर थांबलो आणि आल्या रस्त्याने परत फिरलो. धाकट्याने नाराजी दाखविली. त्याची आई हसत होती.

सभासद मित्रांना एकच विनंती आहे. हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी गाडीतील पॉलिसी बाहेर काढा आणि तिचे दुसरे पान वाचा. दहा मिनिटे लागतात. एका रुग्णाला आपण तेवढा वेळ देतोच.